मुठीचं माप

नांदगाव पेठ,
४ ऑगस्ट २०२४

दीक्षा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. माझ्या खोलीतल्या बंडूच्या फोनवरून लावला तर तोही केलास, आणि त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. खिडकीतल्या बाईनं विचारलं, स्पीड पोस्ट करायचं काय? मी म्हटलं, घाई नाही. खोटं बोललो.

काम एकच आहे, बाकी काही लिहिणार नाही. मी पिस्तूल विकत घेऊन राहिलो. स्वतःचं, पहिलं. आपलंच, दहा मीटरवालं, हवेचं. सत्तर हजारापर्यंत जमेल, त्याच्या वर नाही. नेमबाजीच्या रेंजवर यातलं तुझ्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. मी नुसता हाती येईल ते उचलून मारायचो आणि तू पंधरा मिनिटं मूठच धरून बघायचीस. तेव्हा मी हसायचो. आता विचारतो, काय बघायचीस? आधी वजन बघावं की ट्रिगर? एवढंच कळव. पोस्टकार्ड टाकलं तरी चालेल.

मी आता नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे. धागा तुटला की मशीन थांबते, मी जोडतो, मशीन चालू होते. आठ तास तेच. कॉलेज सुटलं. कोणी काढलं नाही, मीच जाणं बंद केलं. चौथ्या सेमिस्टरचा फॉर्म भरला होता, हॉल तिकीट आणायला गेलो नाही.

तुझं बोट आता बरं झालंच असेल. रेंजवरच्या पेटीचं झाकण पडलं तेव्हा सगळ्यांनी उगाच आरडाओरडा केला. तीन आठवड्यांचं प्लास्टर म्हणजे काही फार नसते. माझ्या मामाचा पाय चार महिने प्लास्टरमध्ये होता, तो आता ट्रॅक्टर चालवते.

तू म्हणायचीस, श्याम, तू लिहितो पुस्तकासारखं अन् बोलतो भांडल्यासारखं. म्हणून लिहून राहिलो.

श्याम


नांदगाव पेठ,
१९ ऑगस्ट

दीक्षा,

उत्तर आलं नाही. तुझं अकोला काही लंडनला नाही, मूर्तिजापूरच्या पुढं आहे. पण असो. तुझ्याकडून कळलं नाही म्हणून शेषराव सरांकडे गेलो. रेंजच्या आत त्यांनी घेतलं नाही. गेटच्या अलीकडे मी, पलीकडे ते, मधून बोलणं. त्यांच्या हातात तेच तेलाचं फडकं होतं.

सर म्हणाले, "पिस्तूल कोनासाठी?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी."

मग त्यांनी सगळं समजावलं. स्प्रिंगचं घेऊ नको, स्वस्त आहे पण छर्रा सुटताना हातात उडी मारते, शिकणाऱ्याचा हात बिघडते. दुसरं दांडीचं. दर छर्ऱ्याला दांडी उघडायची अन् दाबून बंद करायची, हवा भरते. खर्च कमी, नेम सरळ, हवेच्या सिलेंडरची कटकट नाही. मला ते पटलं होतं. पण मी विचारलं, ज्याचं मनगट बारीक आहे त्याला साठ छर्रे मारायचे तर साठ वेळा ती दांडी दाबणं जमेल का? सर माझ्या मनगटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "न्हाई जमत. चाळिसाव्या छर्ऱ्यापासून हात कापाले लागते. त्याले सिलेंडरवालं पाह्यजे."

मग मी विचारलं, मूठ लहान मापाची मिळते का.

"तुझा पंजा माझ्याहून मोठा हाय, श्याम. लहान मूठ कायले?"

"असंच विचारलं."

"असंच विचारत जाऊ नको," सर म्हणाले आणि गेट लावून घेतलं. पण लावताना म्हणाले, "सिलेंडरवालं. नवीन. देशी चालते. अन् मूठ लाकडाची घेजो, घासता येते."

रविवारी रिद्धपूरला गेलो. आईला सांगून ठेवलं, नंतर एकदम पाहून घाबरायला नको. ती गहू निवडत होती. म्हणाली, "आपल्या पंथात पायाखालची मुंगी पाहून चालतेत, अन् तू घरात पिस्तूल आनतं काय?" मी म्हटलं, कागदावर मारायचं असते, याला लायसनसुद्धा लागत नाही. "मंग कागदच फाड ना हातानं, फुकटात होते." मातोश्री लीलाबाईंपुढं कोणाचं चाललं आहे? शेवटी कबूल झाली, पण देवघराच्या भिंतीला लागून ठेवायचं नाही, धान्याच्या कोठीवर ठेवायचं.

वजन विचारलं होतं मी तुला. सर म्हणाले साडेनऊशे ग्रॅम ठीक. बरोबर आहे ना?

श्याम


नांदगाव पेठ,
८ सप्टेंबर

दीक्षा,

महिना झाला. दोन पत्रं. कुत्र्याला हाक मारली तर तोही कान हलवते. मी काय तुझ्या घरात घुसून राहिलो काय? एक प्रश्न विचारला, पिस्तुलाचा. तुला एवढाच माज असेल तर राहू दे. मले कोणाची गरज नाही. हे शेवटचं पत्र.

श्याम आता शेषराव सरांनाच विचारून घेईल.


नांदगाव पेठ,
१० सप्टेंबर

दीक्षा,

परवाचं पत्र फाडून टाक. वाचलं असशील तर वाचलं नाही असं समज. पेटीत टाकल्यावर दहा मिनिटं पोस्टासमोर उभा होतो, डाकवाला आला की मागून घ्यावं म्हणून. तो म्हणाला, "एकदा टाकलं का सरकारचं झालं." राग येतो तेव्हा मला दोन मिनिटांनंतरचं काही दिसत नाही. हे तुझंच वाक्य आहे.

खरं सांगतो. पिस्तूल माझ्यासाठी नाही. शेषराव सरांनी गेटवरच ओळखलं. तूही ओळखलं असशील, पहिल्याच पत्रात.

डिसेंबरात राज्याच्या संघाची निवड आहे. तू क्लबच्या पिस्तुलावर सहाशेपैकी पाचशे एक्कावन्न मारले होतेस. ते पिस्तूल सहा जणांच्या हातातलं, मूठ मोठी, तू अंगठ्याखाली रुमाल घालून मारायचीस. ज्या मुली तुझ्या पुढं होत्या त्यांच्याकडे स्वतःचं होतं. तूच म्हणायचीस, स्वतःच्या मापाची मूठ असली की वीस पॉइंट असेच वाढतात, मेहनत न करता. वीस धर आणि बघ तू कुठं जातेस. सर्टिफिकेट, मग खेळाडूंच्या जागेतून भरती, मग नोकरी. तू म्हणायचीस, नोकरीवाली पोरगी घरात काहीबी सांगू शकते, बिननोकरीची पोरगी नुसतं ऐकू शकते. सांगायचं काय होतं ते आपल्या दोघांनाच माहीत. तुमच्या भिंतीवर बाबासाहेब, आमच्या भिंतीवर चक्रधर स्वामी, आणि दोन्ही घरी एकच उत्तर मिळणार होतं. तुला ते उत्तर घ्यायचं नव्हतं, बदलायचं होतं. मी काही ते विसरलो नाही.

तुझ्या हाताचं माप माझ्याजवळ आहे. माझ्या रेकॉर्ड बुकाचं शेवटचं पान. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी कॅन्टीनमध्ये तू हात ठेवून भोवती पेन फिरवलं होतंस. कधी पिस्तूल घ्यायचं झालं तर लागेल म्हणून. कॉलेज सोडताना सगळी पुस्तकं रद्दीत दिली, ते पान नाही.

तू फक्त नको म्हणू नकोस. बाकी काही म्हणायची गरज नाही.

श्याम


अकोला एस.टी. स्टँड,
२ ऑक्टोबर

दीक्षा,

हे बाकावर बसून लिहितो आहे. कारखान्याला सुट्टी होती. अकोल्यात पंजाबराव म्हणून एक जण आहेत, त्यांच्या मुलीचं परदेशी पिस्तूल विकायला आहे असं सरांकडून कळलं होतं. मुलगी आता नेम सोडून डॉक्टरकी शिकते आहे. पिस्तूल काय होतं म्हणून सांगू. हातात धरल्यावर हातच वाटते, वेगळं काही धरलं असं वाटतच नाही. मूठ लहान मापाची. किंमत आवाक्यातली. मी खिशात हात घातला होता, इतक्यात सरांना एकदा फोन करावा असं वाटलं. पहिल्यांदाच असं काही वाटलं असेल मला.

सर म्हणाले, "सिलेंडरवरची तारीख वाच."

वाचली. दहा वर्षं पुढच्या महिन्यात संपणार. त्यानंतर तो सिलेंडर स्पर्धेत चालत नाही, नवा मागवायचा तर बाहेरून, मिळेल की नाही ते देव जाणे. पंजाबराव भला माणूस, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. म्हणाले, "बरं झालं पाह्यलं, नाहीतर तुमी मले शिव्या देल्या असत्या." चहा पाजला. डिसेंबरात तुझ्या हातातून पंचांनी पिस्तूल काढून घेतलं असतं, आणि तेही माझ्यामुळं झालं असतं. तर आता नक्की ठरलं. नवीन, देशी, सिलेंडरवालं. मूठ मधल्या मापाची येते, ती इकडे बदलून घेतो.

नंतर तुमच्याकडे आलो. रागावू नकोस, घरापर्यंत नाही. जुन्या शहरात पुलाच्या अलीकडेच थांबलो. मोर्णा नदीत पाणी कमी आणि जलकुंभीच जास्त. तुझे नागसेनभाऊ शाळेतला आजचा कार्यक्रम उरकून बॅगेसकट समोरून आले. मला वाटलं आता कॉलर धरतील. मी तयार होतो. त्यांनी म्हटलं, "चाल, चहा घे."

दोन कप झाले तरी ते काही बोलत नव्हते. मग मीच विचारलं.

"पत्रं पोचतेत काय, भाऊ?"

"पोचतेत."

"वाचते काय ती?"

"ते तिले विचार."

"ती बोलत नाही ना."

"मंग मी कसा बोलू तिच्या वाटचं? मी मास्तर हाय, पोस्टमन न्हाई."

मी आणखी विचारलं, घरी कशी असते, काय करते, जेवते का. म्हणाले, दुपारी चौथीच्या पोरांची शिकवणी घेते, बाकी बरी आहे. जाताना खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इतल्या दूर येत जाऊ नको, श्याम. भाडं लागते." मारलं असतं तर बरं झालं असतं.

गाडी लागली.

श्याम


नांदगाव पेठ,
२७ ऑक्टोबर

दीक्षा,

आलं.

पेटी उघडली तेव्हा बंडू शेजारी होता. आमच्या खोलीत दोन खाटा, एक स्टोव्ह आणि आता हे. बंडू म्हणाला, "इतल्या पैशात तं गाडी आली असती बे." मी म्हटलं, गाडी विकूनच आणलं. त्यानं पेटीत डोकावलं. मग म्हणाला, "यानं पाखरू मरते काय?" मी त्याला बाहेर काढलं.

ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन टांगून पाहिलं, तू पाहायचीस तसं. धरून ठेवते. ट्रिगर पुढं-मागं सरकते, थोडा वळतेही. तुझी बोटं आखूड म्हणून मी तो सगळ्यात मागं घेऊन ठेवला आहे. पान समोर ठेवून मापलं. अंगठ्याच्या बेचक्यापासून पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत किती येते ते सुतानं घेतलं. रात्रपाळीच्या पोरांनी विचारलं, काय मोजून राहिला? म्हटलं, शर्ट शिवायचा आहे.

मुठीचं काम उत्तमरावांना दिलं. अमरावतीत जुने सुतार आहेत, पूर्वी ते खुर्च्यांचे हात कोरायचे. शिसमाचा तुकडा त्यांनीच काढला. तुझं पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं. चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले,

"कोन्या बाजूचा हात हाय हा?"

"उजवा. पिस्तूल उजव्यानंच धरते ती."

"अंगठा तं इकडे हाय."

"मंग कागद उलटा धरा."

त्यांनी पान खिडकीसमोर उलटं धरलं, उजेडात रेषा दिसली, तशी लाकडावर उतरवली. काम करता करता म्हणाले, "दोन्ही हात सारखे नसतेत, पोट्ट्या. काम करनारा हात येगळा असते." मी म्हटलं, काका, तुम्ही कोरा, मला माहीत आहे तो हात. खरंच माहीत आहे. डोळे मिटून सांगू शकतो. तळव्याच्या कडेला शाईचा डाग असायचा, नेहमी.

तीन वेळा घासून आणली. पहिल्यांदा अंगठ्याची खाच खोल झाली, लाकडाचा भुगा आणि फेविकॉल घालून भरली. आता झाली. माझ्या हातात ती बसत नाही, माझी दोन बोटं बाहेर राहतात. बघून इतकं बरं वाटलं.

निवडीसाठी नाव द्यायची तारीख नोव्हेंबरच्या शेवटी आहे. सर म्हणाले, अजून तुझं नाव आलं नाही.

श्याम


रिद्धपूर,
१७ नोव्हेंबर

दीक्षा,

आई झोपली आहे. पिस्तूल कोठीवर आहे. नाव द्यायला दोन आठवडेही उरले नाहीत आणि तू नाव दिलेलं नाहीस. तू नाव देत नाहीस म्हणजे तू माझं पिस्तूल घेणार नाहीस, इतकंच मी समजत होतो. आज दुपारी कोठीचं झाकण आईच्या हातावर पडता पडता राहिलं. मी धावलो. ती म्हणाली, "अरे, काय झालं इतलं, पडलं तं न्हाई ना." मी बाहेर जाऊन बसलो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, झाकण पडलं. तसं नव्हतं.

तेरा एप्रिल होता. दुसऱ्या दिवशी जयंती, तू संध्याकाळच्या बसनं अकोल्याला जाणार होतीस. मी म्हणत होतो, मीही येतो, मिरवणुकीत उभा राहीन, नागसेनभाऊंना लांबून दाखव. तू म्हणालीस, यंदा नाही. आधी नोकरी. मी म्हणालो, तुला माझी लाज वाटते. तू म्हणालीस, "लाज असती तं तुझ्यासंगं इथं बसली असती काय, येड्या?" तू हसून बोललीस. माझ्या डोक्यात तोपर्यंत काहीच शिरत नव्हतं. तू खाली बसून पिस्तुलाची नळी फडक्यात गुंडाळून राहिली होतीस, हात पेटीच्या आत. मी पेटीला लाथ मारली. लोखंडी झाकण.

आवाज मला अजून येतो. तुझा नाही. तू आवाजच केला नाहीस.

सर धावत आले तेव्हा मी म्हणालो, झाकण पडलं. आणि तूही म्हणालीस, "पडलं, सर." हात पोटाशी धरून. का म्हणालीस? त्या दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी आतापर्यंत काहीतरी भोगून मोकळा झालो असतो. पण पेटीवर माझ्या बुटाचा ठसा होता, धुळीचा, अख्खा. सरांनी तो पाहिला. तू गेल्यावर म्हणाले, "भरलेलं पिस्तूल अन् भरलेलं डोस्कं, दोन्ही मी रेंजवर ठेवत न्हाई. उद्यापासून येऊ नको." क्लबच्या पिस्तुलाची नेम धरायची मागची माशीही वाकली होती, ते मी भरून दिलं. सगळे म्हणाले, बरं केलं. बोटाबद्दल कोणी विचारलं नाही, मीही नाही.

अकोल्याला नागसेनभाऊंना मी सगळं विचारलं, दीक्षा. जेवते का, झोपते का. बोट विचारलं नाही. ते दोन कप होईपर्यंत त्याचीच वाट पाहत होते, हे आज कळलं.

आता विचारतो. बोट कसं आहे?

श्याम


नांदगाव पेठ,
१ डिसेंबर

दीक्षा,

नावं द्यायची तारीख काल गेली. काल मी अकोल्यातच होतो. पिस्तुलाची पेटी घेऊन गेलो होतो, म्हटलं तुझ्या दारात ठेवावं आणि निघावं, बाकी तुझं तू बघ. सरांनी सांगितलं होतं, संध्याकाळी पाचपर्यंत फोन आला तरी नाव घालतो.

नागसेनभाऊंनी पुलावरच अडवलं. पेटी उघडून दाखवली. त्यांनी मूठ हातात घेतली, फिरवून पाहिली, बोट फिरवलं त्या खाचेवरून. म्हणाले, "कोनी कोरली?" सांगितलं. "मस्त कोरली." मग ती जपून परत ठेवली, झाकण त्यांनी स्वतः लावलं, दोन्ही हातांनी, हळू.

"भाऊ, बोट?"

"आता विचारलं," ते म्हणाले.

त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली.

"पेटी घेऊन जाय. तिले विचारतो. ती म्हनली तं मी सोता येऊन नेईन, नाहीतर ती कळवन."

पाच वाजता मी मूर्तिजापूरच्या अलीकडे बसमध्ये होतो. पेटी मांडीवर. शेजारच्या बाबांनी विचारलं, "हार्मोनियम काय?" मी हो म्हटलं.

श्याम


अमरावती,
२२ डिसेंबर

दीक्षा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे कागद.

पाकिटावरचं अक्षर मला ओळखू आलं नाही. वाटलं नागसेनभाऊंच्या शाळेतल्या कोण्या पोरानं पत्ता लिहिला. उघडलं तर वहीचं पान, त्यावर हात काढलेला, आणि खाली तीन शब्द. 'हा उजवा आहे.' मग कळलं, ते पोराचं अक्षर नाही. ते तू डाव्या हातानं लिहिलं आहेस.

मी रेकॉर्ड बुकाचं पान शेजारी ठेवलं. कॅन्टीनमध्ये तुझ्या उजव्या हातात पेन होतं. मग पानावर कोणता हात असणार? सहा महिने ते पान उशाखाली घेऊन झोपलो आणि हे एकदाही सुचलं नाही. उत्तमरावांनी विचारलं तरी सुचलं नाही. मी तुझ्या डाव्या हाताचं माप घेत होतो, आणि उजव्याकडे पाहत नव्हतो.

जुन्या पानावरची रेघ एका दमात फिरलेली आहे. नव्या पानावरची थरथरते, जागोजागी तुटते. करंगळी, अनामिका, मधलं बोट, सगळं नीट. पहिल्या बोटाशी रेघ वर जाते, मधल्या पेराशी जाड होते, आणि तिथून बोट बाहेरच्या बाजूला झुकून सरळ राहते. तू ते दाबून सरळ केलंस की ते तसंच आहे हे मी कितीदा पाहिलं. ते तसंच आहे.

सरांकडे नेलं. पहिल्यांदा त्यांनी गेट उघडलं. कागद टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला, त्यावर स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. म्हणाले, "हे बोट ट्रिगरवर जाईन. पन मांगं येनार न्हाई. वळतच न्हाई तं येईन कसं?"

मी म्हटलं, मधल्या बोटानं.

"मधलं बोट मूठ धरते. तेच काढून घेतलं तं पिस्तूल कोन धरन?"

मी म्हटलं, ट्रिगर सरकते, वळते, मी सगळं करून पाहतो. सर म्हणाले, कर. आइस्क्रीमची काडी घेतली, माझ्या पहिल्या बोटाला खालून लावली, चिकटपट्टीनं दोन्ही पेरं बांधली. पिस्तुलाला त्याची मूळची मूठ लावली. साठ छर्रे मारले. ट्रिगर पुढं घेतला, मागं घेतला, डावीकडे वळवला. बोट ओढलं की अख्खा पंजा ओढला जाते, नळी जाते तिकडेच. साठ छर्ऱ्यांत तीनशे बारा. सात तर कागदालाच लागले नाहीत.

मी पुन्हा मारायला निघालो होतो. सरांनी माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, रिकामं आहे की नाही पाहिलं आणि खाली ठेवलं. "आज तुले राग नव्हता, श्याम. हात थंड होता, उभा चांगला राह्यला. नेमात काही चूक नोती. बोटच नोतं."

काडी सोडायला वेळ लागला. बोट आखडून गेलं होतं. दहा मिनिटांनी वळायला लागलं.

इथं मी चार ओळी लिहिल्या होत्या, डाव्या हातानं मारणाऱ्यांबद्दल. डाव्या हाताची मूठ मिळते, वगैरे. सरांना विचारलंही होतं. म्हणाले, पाच वर्षं लागतील, आणि भरतीचं वय काही थांबत नाही. त्या चार ओळी खोडल्या. उजेडात धरल्या तर दिसतील, धरू नकोस.

पिस्तूल रेंजच्या पेटीत ठेवून आलो. सरांनी कुलूप लावलं. लहान हाताची कोणी मुलगी आली तर तिला रुमाल लागू नये एवढंच सांगितलं. शिसमाची मूठ कोणाच्याच हातात बसत नाही. ती रिद्धपूरला खिडकीत आहे, आई समजते कशाचा तरी तुटका दांडा आहे आणि रोज पुसून ठेवते.

मी आता पत्र लिहिणार नाही. मागंही असं लिहिलं होतं, तेव्हा रागात होतो. आज नाही.

तुझं जुनं पान या पाकिटात परत घातलं आहे. तो डावा हात आहे, त्याला मी काही केलेलं नाही. उजवा माझ्याजवळ राहू दे.

श्याम